इंजेक्शनं किती महिने?

प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीच्या वेष्टणाबाहेर आला आहे, पण हाडांपर्यंत पोचलेला नाही, अशा माणसाला आज मुंबई-पुण्यात काय किंवा लंडन-स्टॉकहोममध्ये काय, डॉक्टर बहुधा एकच सांगतात: किरणोपचार घ्यायचे आणि त्यांच्या जोडीला हार्मोनची इंजेक्शनं. फाइलमध्ये हे दोन ओळींत मावतं. त्या दोन ओळींमागे मात्र कित्येक दशकांच्या चाचण्या आहेत, आणि आपल्याला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठीवर सोपवायला तयार झालेले हजारो पुरुष आहेत. घरी आल्यावर रुग्ण आणि त्याची बायकामुलं विचारतात, ही इंजेक्शनं किती महिने घ्यायची? या प्रश्नाचं उत्तर कुणा एका डॉक्टरच्या अनुभवातून मिळालेलं नाही. ते या चाचण्यांतून मिळालं, तेही तुकड्यातुकड्यानं, आणि काही तुकडे अजून यायचे आहेत.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाच्या सुरुवातीला वेढून बसलेली लहानशी ग्रंथी. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतात. हे हार्मोन मुख्यतः वृषणांत तयार होतं आणि थोडंफार मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींत. पेशी कर्करोगाच्या झाल्या तरी त्यांची ही भूक सुटत नाही. शिकागो विद्यापीठातले शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी आधी कुत्र्यांच्या प्रोस्टेटचा अभ्यास केला आणि १९४१ साली क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासोबत माणसांवरचे निष्कर्ष छापले. रोग हाडांत पसरलेल्या पुरुषांची वृषणं काढली किंवा त्यांना स्त्री-हार्मोन दिलं, की रक्तातलं अ‍ॅसिड फॉस्फेटेज नावाचं द्रव्य उतरायचं. त्या काळी रोगाचा जोर मोजायला तेच हाताशी होतं. हाडांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं दुखणंही काही दिवसांतच हलकं व्हायचं. कर्करोग शरीरातल्या रसायनांवर अवलंबून असू शकतो आणि ते रसायन काढून घेतलं तर तो मागे हटतो, हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसलं. हगिन्सना यासाठी नोबेल मिळालं ते १९६६ साली.

उपचार इतका डोळ्यांत भरणारा होता, की पुढची वीसेक वर्षं डॉक्टर तो ज्याला त्याला देत राहिले. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम स्त्री-हार्मोनच्या गोळ्या स्वस्त होत्या, ऑपरेशन टळायचं आणि गाठ आक्रसताना दिसायची. मग १९६० साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी मिळून चाचणी सुरू केली. काही पुरुषांना रोज ५ मिलिग्रॅमची गोळी आणि काहींना नुसती तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला कोणती, हे चिठ्ठीनं ठरलेलं. निकाल अस्वस्थ करणारा होता. हार्मोन घेणाऱ्यांत कर्करोगानं मरणारे कमी झाले, पण हृदयविकारानं आणि रक्ताच्या गुठळ्यांनी मरणारे वाढले. सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांचा तर फायद्यापेक्षा तोटाच झाला. गाठीकडे डोळे लावून बसलेल्या डॉक्टरांना हे एकेका रुग्णावरून कधीच उमगलं नसतं. सत्तरीचा माणूस हृदयविकारानं गेला तर त्याचं खापर औषधावर कोण फोडणार? शेजारी औषध न घेतलेला, बाकी सगळ्या बाबतींत तसाच गट होता म्हणूनच ते कळलं. पुढच्या चाचण्यांत रोज १ मिलिग्रॅमची मात्राही रोगावर तितकीच लागू पडते असं दिसलं. कर्करोगाच्या उपचारात ‘एकूण जगले किती’ हा प्रश्न ‘गाठ किती लहान झाली’ याच्या वर ठेवायला हवा, हा धडा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

स्त्री-हार्मोनवाचून वृषणांचं काम थांबवण्याची वाट मेंदूतून सापडली. अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेनं १९७१ साली डुकरांच्या मेंदूतून वेगळ्या केलेल्या एका छोट्या संप्रेरकाची रचना उलगडली. मेंदूचा तळभाग हे संप्रेरक ठरावीक अंतरानं थोडं थोडं सोडतो, त्यावर पीयूषिका ग्रंथी चाळवते आणि वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायचा आदेश देते. हाच संदेश खंड न पडता सतत येत राहिला, तर पीयूषिका काही दिवस जोरानं प्रतिसाद देते आणि मग थकून गप्प होते. गोसेरेलिन, ल्युप्रोलाइड ही इंजेक्शनं नेमकं हेच करतात. गोसेरेलिनची तर तांदळाच्या दाण्याएवढी कांडी जाड सुईनं पोटाच्या कातडीखाली सरकवून ठेवतात, ती महिनाभर विरघळत राहते. दोन-तीन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन वृषणं काढल्यासारखं तळाला जातं. पहिल्या आठवड्यात ते उलट वाढतं, म्हणून इंजेक्शनाच्या आगेमागे काही दिवस त्याचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या देतात. या इंजेक्शनांमुळे ऑपरेशनात नसलेली एक सोय झाली: उपचार थांबवता येऊ लागला. काढलेली वृषणं परत बसवता येत नाहीत. इंजेक्शन मात्र बंद केलं की काही महिन्यांनी बहुतेकांचं हार्मोन परत वाढू लागतं. वय जास्त असेल तर वेळ जास्त लागतो, काहींचं पूर्ववत होतही नाही. ‘किती महिने’ या प्रश्नाला तेव्हापासूनच अर्थ आला.

दुसरीकडे किरणोपचार आपल्या वाटेनं पुढे येत होते. प्रोस्टेटवर किरण सोडायचे तर अडचण जागेची. ग्रंथीच्या वर मूत्राशय, पाठीमागे गुदाशय, दोन्ही चिकटून. म्हणून रुग्णाला रोज ठरल्या वेळी पाणी पिऊन मूत्राशय भरून यायला आणि पोट साफ करून यायला सांगतात. मूत्राशय भरलं की त्याचा बराचसा भाग वर सरकतो आणि आतडीही किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. गुदाशयात वायू साठला असेल तर ग्रंथी पुढे ढकलली जाते आणि नेम चुकतो. ओटीपोटावर आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना गोंदलेले बारीक ठिपके भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेषांशी जुळवले जातात, तंत्रज्ञ बाहेर जातात, जड दार बंद होतं आणि यंत्राचं डोकं माणसाभोवती फिरतं. दुखत नाही, चटका बसत नाही. काही मिनिटांत माणूस उठून पहिल्यांदा स्वच्छतागृहाकडे धाव घेतो. हे आठवड्यातून पाच दिवस, आणि जुन्या पद्धतीनं सलग सात आठवडे. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. त्या काळच्या तंत्रानं ७० ग्रेच्या पुढे जायचं म्हणजे गुदाशयाला जखम करायची. पण वेष्टणाबाहेर आलेल्या मोठ्या गाठींना ७० ग्रे पुरत नव्हते. बऱ्याच रुग्णांचा रोग काही वर्षांत डोकं वर काढत होता.

मग दोन्ही एकत्र दिलं तर? ही कल्पना सुचणं अवघड नव्हतं, सिद्ध करणं अवघड होतं. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथले मिशेल बोला यांच्या नेतृत्वाखाली युरोपातल्या कर्करोग-संशोधन संघटनेनं १९८७ साली चाचणी सुरू केली. १९९५ पर्यंत ४१५ पुरुष तिच्यात आले. सगळ्यांना सारखेच किरण, सात आठवडे, ७० ग्रे. निम्म्यांना एवढंच. उरलेल्या निम्म्यांना किरणांच्या पहिल्या दिवसापासून गोसेरेलिन, दर चार आठवड्यांनी, तीन वर्षं. कोण कोणत्या गटात, हे डॉक्टरांच्याही हातात नव्हतं. डॉक्टरनं निवड केली असती तर धडधाकट माणसं एका गटात आणि थकलेली दुसऱ्यात गेली असती, कळत किंवा नकळत, आणि मग फरक औषधाचा की माणसांचा हे कधीच सांगता आलं नसतं.

१९९७ साली पहिला निकाल आला तेव्हा पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण नुसत्या किरणांच्या गटात ६२ टक्के होतं आणि जोडउपचाराच्या गटात ७९ टक्के. कर्करोगाच्या जगात इतकं मोठं अंतर क्वचित दिसतं. एवढ्यावर न थांबता बोलांच्या चमूनं त्या पुरुषांचा मागोवा दहा वर्षांपर्यंत घेतला. तेव्हा नुसते किरण घेतलेल्यांतले सुमारे ४० टक्के हयात होते, दोन्ही उपचार घेतलेल्यांतले ५८ टक्के. प्रोस्टेटच्याच कर्करोगानं मरण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवरून १० वर आलं होतं. हृदयविकाराचे मृत्यू या वेळी वाढलेले दिसले नाहीत. साठच्या दशकातल्या निकालानंतर ही नोंद फार महत्त्वाची होती.

तरीही एक रास्त शंका उरली होती. हार्मोन घेतलेले जास्त जगले हे खरं, पण मग किरणांनी काय केलं? कदाचित सगळं काम इंजेक्शनांनीच केलं असेल आणि सात आठवड्यांची ती रोजची धावपळ फुकटच असेल. गाठ वेष्टणाबाहेर आली म्हणजे रोग सूक्ष्म रूपात शरीरभर गेलाच, आता जागच्या जागी काही करून उपयोग नाही, असं मानणारे अनुभवी डॉक्टर पुष्कळ होते. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क या देशांनी चाचणी उलटी मांडली. १९९६ ते २००२ या काळात ८७५ पुरुष घेतले. या वेळी हार्मोनचा उपचार सगळ्यांना, किरण फक्त निम्म्यांना. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात दहा वर्षांत प्रोस्टेटच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण नुसत्या हार्मोनच्या गटात २३.९ टक्के होतं, किरण घेतलेल्यांत ११.९ टक्के. नेमकं निम्मं. कॅनडा आणि ब्रिटनच्या पुढाकारानं झालेल्या १२०५ पुरुषांच्या चाचणीतही किरण घेणारे जास्त जगले. शरीरभर पसरेल अशी भीती असलेल्या रोगाचं मूळ घर मोडल्यानं पुढचा प्रसार कमी होतो, हे या दोन निकालांनी मान्य करायला लावलं.

हे दोन उपचार एकमेकांना इतके पूरक का ठरतात, याचा एक धागा २०१३ च्या सुमारास प्रयोगशाळांत हाती आला. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. प्रोस्टेटच्या पेशीत टेस्टोस्टेरॉन ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन बिलगतं, तोच ग्राहक डीएनए-दुरुस्तीची जनुकंही जागी करतो. हार्मोन काढून घेतलं की दुरुस्ती ढेपाळते आणि किरणांनी केलेली मोडतोड तशीच राहते. निकाल आधी आले आणि त्यांचं कारण नंतर. वैद्यकात असं पुष्कळदा होतं.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. बोलांच्या चाचणीत तीन वर्षं इंजेक्शनं दिली होती, कारण तीन वर्षं असं ठरवलं होतं. सहा महिन्यांत तेच साधत असेल तर? ही विचारणा केवळ पैशाची नव्हती. टेस्टोस्टेरॉन तळाला गेलेल्या माणसाचं रोजचं जगणं कसं होतं ते जवळून पाहिलेल्या कुणालाही तिचं मोल कळेल. बसल्या बसल्या छातीतून गरम लाट उठते, चेहरा लाल होतो, मानेवरून घाम ओघळतो, रात्री बनियन बदलावा लागतो. बायकोला हे लगेच ओळखू येतं, कारण पाळी जाताना तिनं तेच सोसलेलं असतं, पण तो तिला सांगतोच असं नाही. दंड-मांड्या बारीक होतात, पोट सुटतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कामेच्छा जाते. काहींची छाती हुळहुळते, थोडी वाढते, आणि मग माणूस चारचौघांत सदरा काढायचं टाळतो. उगाच चिडचिड होते किंवा डोळे भरून येतात. आपल्याकडे सत्तरीच्या पुरुषानं यातलं काही बोलून दाखवायची रीत नाही, त्यामुळे घरचे म्हणतात, बाबा आजारपणानं खचले. ते आजारानं नव्हे, उपचारानं खचलेले असतात, आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ असतं: रोजचा चालण्याचा आणि वजन उचलण्याचा व्यायाम, हाडांची घनता तपासणं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, साखर-रक्तदाबावर लक्ष. डॉक्टरांनी विचारलं नाही तर घरच्यांनी विचारावं.

म्हणून युरोपीय संघटनेनं दुसरी चाचणी केली. ९७० पुरुषांना किरण आणि सहा महिने हार्मोन देऊन झाल्यावर चिठ्ठीनं ठरवलं, की कोण थांबणार आणि कोण आणखी अडीच वर्षं घेणार. ही चाचणी आखणाऱ्यांना सहा महिने पुरतात असं दाखवता येईल अशी आशा होती. ती फळली नाही. पाच वर्षांत सहा महिनेवाल्यांतले १९ टक्के वारले, तीन वर्षंवाल्यांतले १५.२ टक्के. अंतर मोठं नव्हतं, पण नाकारण्यासारखंही नव्हतं. बरेच उपचारकर्ते सोपं उत्तर मिळावं म्हणून आसुसलेले असताना संशोधकांनी २००९ साली हा निकाल जसा आला तसा मांडला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

क्वेबेकमध्ये अब्देनूर नबीद यांच्या गटानं मधलं अंतर तपासलं: ६३० पुरुष, किरणांसोबत १८ महिने विरुद्ध ३६ महिने. दहा वर्षांनी दोन्ही गटांत हयात असलेले सुमारे ६२ टक्केच निघाले. याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. ३६ महिन्यांच्या गटातल्या जेमतेम निम्म्या पुरुषांनीच ती मुदत पूर्ण केली. बाकीच्यांनी मध्येच सोडली. जास्त धोक्याच्या रोगाला १८ ते ३६ महिने असं डॉक्टर आज सांगतात, ते या सगळ्या निकालांची गोळाबेरीज आहे.

ही मुदत सगळ्यांना लागू नाही. अमेरिकेत १९७९ पुरुषांवर झालेल्या चाचणीत किरणांना फक्त चार महिन्यांच्या हार्मोनची जोड दिली होती. रोग लहान, वेष्टणाच्या आत. २०११ साली निकाल आला तेव्हा दहा वर्षांनी जोडउपचारवाले ६२ टक्के आणि नुसत्या किरणांचे ५७ टक्के हयात होते. पण ही सरासरी उलगडून पाहिली तर जवळजवळ सगळा फायदा मध्यम धोक्याच्या रुग्णांच्या पदरात पडला होता. कमी धोक्याच्या रुग्णांना इंजेक्शनांचा लाभ झाला नाही, त्रास मात्र झाला. बोस्टनमधल्या अँथनी डामिको यांच्या लहानशा चाचणीत आधीच हृदयविकारासारखा गंभीर आजार असलेल्यांना सहा महिन्यांच्या हार्मोनचा फायदा दिसला नाही. संख्या थोडी असल्यानं यावरून ठाम नियम काढता येत नाही, पण साठच्या दशकातला तो इशारा इथे पुन्हा ऐकू येतो. आणि ज्यांचा रोग अगदी सुरुवातीच्या अवस्थेत सापडतो त्यांच्याबद्दल ब्रिटनमधल्या १६४३ पुरुषांच्या चाचणीनं २०२३ साली सांगितलं, की शस्त्रक्रिया करा, किरण द्या किंवा नुसतं बारकाईनं लक्ष ठेवा, पंधरा वर्षांत प्रोस्टेटच्या कर्करोगानं मरणारे एकूण तीन टक्क्यांहूनही कमी. रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी सोडतात ते प्रथिन, थोडं वाढलेलं दिसताच भेदरून सगळेच उपचार एकदम मागणाऱ्या कुटुंबांना ही संख्या कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवी.

आपल्याकडे एक वेगळाच पेच आहे. वृषणं काढायचं ऑपरेशन एकदाच करावं लागतं, स्वस्त पडतं, आणि दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शनासाठी गावाहून शहरात यावं लागत नाही. रोग हाडांत पसरलेला असेल आणि हार्मोन आयुष्यभर रोखायचंच असेल, तर तो चांगला, रोखठोक उपाय आहे. पण रोग जागेवर असेल, किरणोपचारानं तो बरा करायचा बेत असेल, तर अठरा महिन्यांनी थांबायची मुभा त्या ऑपरेशनाबरोबर कायमची जाते. पैशाअभावी ऑपरेशन निवडणाऱ्या माणसाला हे आधी सांगितलं गेलंच पाहिजे.

किरण कुठवर सोडायचे, या प्रश्नाचं एक महत्त्वाचं उत्तर मुंबईनं दिलं. नुसत्या प्रोस्टेटवर, की आसपासच्या लसिका ग्रंथींसह पूर्ण ओटीपोटावर? अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या जुन्या चाचण्यांतून नीट उलगडा झाला नव्हता. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात जास्त धोक्याचा रोग असलेले, पण तपासणीत लसिका ग्रंथी स्वच्छ दिसणारे २२४ पुरुष घेतले. सगळ्यांना किमान दोन वर्षं हार्मोनचा उपचार, आणि किरणांचा आवाका चिठ्ठीनं ठरलेला. २०२१ साली निकाल छापून आला. पाच वर्षं पीएसए न वाढता राहिलेले पुरुष नुसत्या प्रोस्टेटवर किरण घेतलेल्यांत ८१.२ टक्के होते, पूर्ण ओटीपोटावर घेतलेल्यांत ९५ टक्के. एकूण हयात असण्यात तोवर फरक दिसला नव्हता, आणि लघवीच्या उशिरा उद्भवणाऱ्या तक्रारी रुंद किरणांच्या गटात दुपटीहून जास्त होत्या. या चाचणीचं बळ तिच्या निवडीत आहे. पाचांपैकी चार रुग्णांची पीएसएमए पेट ही नव्या प्रकारची स्कॅन झाली होती. जुन्या तपासण्यांच्या नजरेतून निसटणारा बारीक पसारा ही स्कॅन दाखवते, त्यामुळे ज्यांचा रोग आधीच दूर गेला होता ते बाजूला काढता आले. एकाच रुग्णालयातली आणि लहान चाचणी असूनही जगभरचे किरणतज्ज्ञ आज तिचा दाखला देतात. परदेशातल्या चाचण्यांत बहुतांश गोरे पुरुष असतात, रोग बऱ्याचदा लवकर सापडलेला असतो. आपल्या रुग्णांच्या प्रश्नांची उत्तरं आपल्या रुग्णांमधूनच काढता येतात, हे या २२४ जणांनी दाखवून दिलं.

किती दिवस, हा प्रश्न किरणांनाही होता. नांदेडहून किंवा कोल्हापूरहून परळला आलेल्या माणसाला सात आठवडे म्हणजे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर मुक्काम, सोबतीला मुलगा किंवा जावई, त्याचा बुडालेला रोज आणि पाठीमागे शेतीची कामं खोळंबलेली. ब्रिटनमधल्या ३२१६ पुरुषांच्या चाचणीनं २०१६ साली दाखवलं, की ७४ ग्रे ३७ दिवसांत देण्याऐवजी ६० ग्रे २० दिवसांत दिले तरी रोग तितकाच आटोक्यात राहतो. दर वेळची मात्रा वाढवायची आणि वेळा कमी करायच्या. प्रोस्टेटच्या कर्करोगाला हा बेत मानवतो. या चाचणीतल्या बहुतेकांना तीन ते सहा महिने हार्मोनही दिलं होतं. पुढे २०२४ साली आणखी एका चाचणीचा निकाल आला. तीत कमी आणि मध्यम धोक्याच्या पुरुषांना हार्मोनवाचून, फक्त पाच वेळा किरण दिले होते. पाच वर्षांनी ९५ टक्क्यांहून जास्त पुरुषांचा रोग आटोक्यात होता, नेहमीच्या लांब पद्धतीइतकाच. अशी बातमी वर्तमानपत्रांत आतल्या पानावर येते. मुक्कामाच्या पैशांची जुळवाजुळव करणाऱ्या घराला ती नव्या औषधाच्या बातमीपेक्षा मोठी आहे.

नवी औषधंही आली. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमध्ये २००५ साली सुरू झालेल्या स्टॅम्पेड या चाचणीची रचनाच अफलातून होती. एक प्रश्न, दोन गट, दहा वर्षांनी निकाल, मग पुन्हा नवी चाचणी असं न करता तिनं एकाच छपराखाली अनेक उपचार एकदम तपासले. जो उपचार मध्येच निष्प्रभ ठरेल तो वगळायचा, नवा आला की त्याला जागा द्यायची. जवळजवळ बारा हजार पुरुष तिच्यात आले. रोग पसरलेला असतानाही प्रोस्टेटवर किरण देऊन फायदा होतो का, हे तिनं २०६१ पुरुषांत पाहिलं. सगळ्यांचा मिळून फायदा दिसला नाही. मात्र ज्यांचा पसारा थोडा होता त्यांच्यात तीन वर्षांनी हयात असणारे ७३ वरून ८१ टक्क्यांवर गेले. रोग न पसरलेल्या, पण फार धोक्याच्या रुग्णांना नेहमीच्या इंजेक्शनांसोबत दोन वर्षं अ‍ॅबिराटेरॉनच्या गोळ्या दिल्या तेव्हा सहा वर्षांनी ८६ टक्के हयात होते, गोळ्यांशिवाय ७७ टक्के. ही गोळी वृषणांबाहेर, अधिवृक्क ग्रंथींत आणि खुद्द गाठीत तयार होणारं हार्मोनही थांबवते. भारतात तिच्या जेनेरिक आवृत्त्या मिळतात, त्यामुळे हा निकाल आपल्याकडच्या रुग्णांनाही वापरता येतो.

औषधं अशी जोरकस होत चालल्यावर मुदतीचा प्रश्न नव्यानं मांडावा लागतो. अठरा ते छत्तीस महिने हे उत्तर ज्या काळातलं, त्या काळी किरणांचा नेम आजच्याइतका अचूक नव्हता आणि पीएसएमए स्कॅन नव्हती. त्या चाचण्यांत ‘जागेवरचा रोग’ म्हणून आलेल्या कित्येकांना आजच्या तपासणीत पसरलेला रोग म्हटलं जाईल. शिवाय ती सरासरीची उत्तरं आहेत. कुणाला सहा महिने पुरले असते आणि कुणाला तीन वर्षंही अपुरी पडली, हे सरासरी सांगत नाही. म्हणून २०२० पासून उत्तर अमेरिकेत चाललेल्या एका चाचणीत जास्त धोक्याचा रोग असलेल्या पुरुषांच्या गाठीच्या तुकड्यातली जनुकं आधी तपासतात आणि त्यावरून गाठीच्या आक्रमकतेला गुण देतात. किरण सगळ्यांनाच मिळतात. गुण जास्त आले तर चोवीस महिन्यांच्या इंजेक्शनांवर आणखी एक औषध चढवून काय होतं ते पाहायचं. गुण कमी आले, तर काहींना चोवीस महिने इंजेक्शनं आणि काहींना बाराच.